एकीला तीनशे डॉलर, दुसऱ्याला शून्य: श्रीमंत देशांतली गरिबी नक्की कोण ठरवतं?

टपरीवरचा_चहा (धागाकर्ता)
शनिवार, १० जानेवारी २०२६, रात्री ९:४०

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ‘अमेरिकेत कसली आलीये गरिबी, तिथले भिकारीसुद्धा गाडीतून फिरतात’ असं टाकलं आणि आज बसलोच टंकायला. लांबलं तर सांभाळून घ्या.

१५ जुलै २०२१. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. सकाळी बँकेचं ॲप उघडलं तर खात्यात ३०० डॉलर जमा आणि पुढे सरकारी खात्याचं काहीतरी तुटक नाव. बायको म्हणाली, हात लावू नकोस, घोटाळा असणार. घोटाळा नव्हता. बायडन सरकारने मार्चमध्ये कायदा करून चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलामागे मिळणारी करसवलत) वाढवलं होतं, आणि त्यातले निम्मे पैसे जुलै ते डिसेंबर दरमहा थेट खात्यात टाकायचे ठरले होते. सहा वर्षांखालच्या मुलामागे महिना ३००, त्यावरच्या मुलामागे २५०. आमची धाकटी तेव्हा तीन वर्षांची, जन्म इथला. मोठा आठ वर्षांचा, जन्म पुण्यातला, एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर आलेला. त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून त्याचं शून्य. एकाच घरात वाढणारी दोन भावंडं, त्यातली एक सरकारच्या हिशेबात होती आणि एक नव्हता.

खोटं कशाला बोलू, त्या तीनशेवाचून आमचं काही अडलं नव्हतं. धाकटीच्या डेकेअरमधली मदतनीस मात्र दोन मुलांची एकटी आई. तिला महिन्याला साडेपाचशे यायला लागले. पहिल्या महिन्यात तिने काय केलं असेल? गाडीचे टायर बदलले. पुढचे दोन इतके गुळगुळीत झाले होते की पावसात कामावर यायची तिला भीती वाटायची, आणि दांडी मारली की त्या दिवसाचा पगार गेला. (गाडीतून फिरणारे भिकारी म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. तिथे गाडी नसली तर नोकरीही नसते.) २०२२ च्या जानेवारीत पंधरा तारखेला पैसे आले नाहीत. मी धाकटीला आणायला गेलो तेव्हा तिने मलाच विचारलं, तुमचे आले का? मी नाही म्हटल्यावर तिचा चेहरा जरा सैल झाला. आपला अर्ज चुकला नाही एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

आता आकडे. अमेरिकेच्या जनगणना खात्याचं एक पूरक दारिद्र्यमापन आहे, त्यात करातली सूट, फूड स्टॅम्प (किराण्यासाठीची सरकारी मदत) वगैरे धरून हिशेब होतो. त्यानुसार गरिबीत असलेल्या मुलांचं प्रमाण २०२० ला ९.७ टक्के, २०२१ ला ५.२ टक्के. तिथे ते मोजायला लागल्यापासूनचं सगळ्यात कमी. योजना संपली आणि २०२२ ला ते १२.४ टक्क्यांवर गेलं, २०२३ ला १३.७ वर. एका वर्षात सुमारे ५० लाख मुलं रेषेखाली परत. त्या वर्षात कारखाने बंद झाले नव्हते, उलट बेकारी घटत होती. सिनेटमध्ये पन्नास विरुद्ध पन्नास अशी स्थिती होती आणि बायडन यांच्याच पक्षाचे वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मॅन्चिन मुदतवाढीला तयार झाले नाहीत. आईबापांनी काम करण्याची अट हवी, हे त्यांचं म्हणणं.

यातली खरी मेख रकमेत नव्हती. क्रेडिट आधीही होतं, मुलामागे वर्षाला २,००० डॉलर. पण ते कमाईच्या प्रमाणात वाढत जायचं. आईबापांची कमाईच तुटपुंजी असेल तर पूर्ण रक्कम मिळायचीच नाही. देशातल्या जवळजवळ एकतृतीयांश मुलांना या कारणाने पूर्ण पैसे मिळत नव्हते. म्हणजे जो जास्त गरीब त्याला कमी. २०२१ ला रक्कम वाढवलीच, पण खरा बदल एवढाच की शून्य कमाईवाल्यालाही पूर्ण रक्कम. बस.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की श्रीमंत देशात गरिबी किती ठेवायची हे तिथलं सरकार ठरवतं, आणि ते अर्जाच्या बारीक अक्षरांत ठरतं. तुमच्या देशात काय चालतं ते लिहा. भारतातल्या योजनांवर वेगळे धागे आहेत, तो विषय इथे नको ही विनंती. (कोण ऐकतंय म्हणा.)

---

खडीसाखर
शनिवार, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. थोरल्याने विचारलं नाही का, माझे कुठेत म्हणून?

टपरीवरचा_चहा
शनिवार, रात्री १०:११

विचारलं ना. मी म्हटलं, तुझे पुण्याला आजीकडे येतात. मग आजीला फोन करून विचारलंन लबाडाने. आजीने बिचारीने मान्य केलं आणि पुढच्या दिवाळीला खरंच पाकीट दिलं.

---

निवांत_नाना
रविवार, ११ जानेवारी, सकाळी ७:२०

लेख वाचनीय आहे, डेकेअरच्या बाईंचा प्रसंग लक्षात राहील. पण निष्कर्ष घाईचा आहे. पैसे वाटल्यावर पैशात मोजलेली गरिबी कमी होणार, यात शोध काय लागला? घागरीत पाणी ओतलं की पातळी वाढतेच. ओतणं थांबवल्यावर ती टिकते का, हा प्रश्न आहे, आणि टिकली नाही हे तुम्हीच लिहिलंत.

दुसरं. शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२१ मध्येच हिशेब मांडला होता की ही योजना कायमची झाली तर सुमारे १५ लाख आईबाप कामातून बाहेर पडतील. तिसरं, रोख रकमेने मुलांचं भलं होतं हेही गृहीत धरू नका. न्यू यॉर्क, न्यू ऑर्लिन्स, ओमाहा आणि मिनियापोलिस या चार शहरी भागांत हजार गरीब बाळंतिणींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटून एका गटाला महिना ३३३ डॉलर आणि दुसऱ्याला २० डॉलर दिले. मुलं चार वर्षांची झाल्यावर भाषा, बुद्धी, वागणं, कशातही दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. हा अभ्यास रोख मदतीकडून आशा असलेल्यांनीच केला होता, माझ्यासारख्या म्हाताऱ्या कंजुषाने नाही.

१९९६ ला क्लिंटनने रोख मदतीला कामाची अट आणि पाच वर्षांची मर्यादा घातली. पाच वर्षांत मदत घेणाऱ्यांची संख्या निम्म्याच्या खाली आली, एकट्या आयांची नोकरी वाढली. हेही धोरणच होतं की.

पॉपकॉर्न_पाहिजे
रविवार, सकाळी ८:०२

नाना आले. खुर्च्या मांडा.

---

आकडेमोड
रविवार, सकाळी १०:३०

व्यवसायाने सीए, सध्या टेक्सासात इतरांचे टॅक्स भरतो, म्हणून दोन्हीकडच्या त्रुटी काढायचा मला अधिकार आहे.

चहावाले, २०२१ ची सगळी घसरण एकट्या चाइल्ड क्रेडिटच्या खात्यात लिहू नका. त्याच वर्षी कोविडचे चेकही गेले होते, माणशी १,४०० डॉलर. ते चेक नसते तर ५.२ चा आकडा दिसला नसता. दिशा बरोबर आहे, माप थोडं जास्त घातलंत.

नाना, तुमचंही तसंच. १५ लाखांचा तो अंदाज होता, कायमच्या योजनेबद्दलचा. प्रत्यक्ष सहा महिन्यांत जे अभ्यास झाले त्यांत नोकरी सोडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. अर्थात सहा महिन्यांसाठी कोण नोकरी सोडेल, हा तुमचा पुढचा मुद्दा मीच लिहून टाकतो. ‘जेवायला पुरत नाही’ असं सांगणाऱ्या घरांचं प्रमाण मात्र पहिला हप्ता पडल्यापासून लगेच घटलं होतं.

आणि १९९६. संख्या निम्मी झाली हे खरं. पण तेव्हा अर्थव्यवस्थाही धावत होती, आणि १९७५ पासून चालत आलेलं कमावत्या गरिबांसाठीचं वेगळं क्रेडिट १९९३ ला बरंच वाढवलं होतं. कामाला लावण्यात त्याचा वाटा मोठा. मधल्या काळात रोख मदतीचं काय झालं ते बघा. केंद्राने राज्यांना वर्षाला साधारण साडेसोळा अब्ज डॉलर द्यायचे ठरवले, आणि तीस वर्षं होत आली तरी तो आकडा तिथेच आहे, महागाई गेली कुठल्या कुठे. १९९६ ला शंभर गरीब कुटुंबांमागे ६८ ना रोख मदत मिळायची, आता वीस-एकवीसना. उरलेले पैसे राज्यं कुठेही वळवतात. मिसिसिपीत तर गरिबांच्या या निधीतून एका विद्यापीठाचं व्हॉलीबॉल स्टेडियम उभं राहिलं. सरकारी लेखापरीक्षणात सापडलं ते, ऐकीव नाही.

जाता जाता आणखी एक. अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा १९६३ च्या सुमारास मॉली ओर्शान्स्की नावाच्या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी बसवली. काटकसरीचा किराणा किती लागतो ते काढलं आणि तीनने गुणलं, कारण तेव्हा घरं उत्पन्नाचा तिसरा हिस्सा जेवणावर घालवत. आजही तोच सांगाडा, फक्त महागाईने फुगवलेला. त्यात फूड स्टॅम्प धरत नाहीत, करातलं क्रेडिट धरत नाहीत. म्हणून २०२१ ला अधिकृत मोजणीत मुलांची गरिबी १५.३ टक्के आणि पूरक मोजणीत ५.२. एकच देश, एकच वर्ष, तीच मुलं. टीव्हीवर भांडणारे दोघं दोन वेगळे आकडे घेऊन बसलेले असतात.

---

लेस्टरची_लेक
रविवार, दुपारी ३:१५

नाना, तुमच्या घागरीबद्दल बोलायचंय, पण आधी फूड बँक.

मी दर गुरुवारी आमच्या भागातल्या फूड बँकेत दोन तास जाते. ट्रसेल नावाच्या संस्थेचं जाळं आहे, देशभरात २०२४-२५ मध्ये त्यांनी जवळपास २९ लाख पार्सलं दिली. ब्रिटनसारख्या देशात! कुणीही उठून आत येत नाही. डॉक्टर, शाळा, सल्ला केंद्र यांच्यापैकी कुणीतरी व्हाउचर द्यावं लागतं. मग तीन दिवसांचं खाणं. नवीन होते तेव्हा मी डाळ, तांदूळ, पास्ता असं भरत सुटले. सोबतच्या आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, आधी विचार, गॅस आहे का. म्हणजे शेगडी नव्हे, प्रीपेड मीटरमध्ये पैसे आहेत का. नसतील तर ‘किटली पार्सल’ द्यायचं: पाणी उकळून ओतलं की होणारं सूप, नूडल्स, झटपट ओट्स. किटलीसुद्धा चालवता येत नसेल तर थंड पार्सल, आणि त्यात आठवणीने रिंग ओढून उघडणारे डबे, कारण डबा उघडायची किल्ली घरी असेलच असं नाही. तुमची दारिद्र्यरेषा तिकडे राहू द्या, आमच्याकडे मापं तीन: शिजवू शकतो, उकळू शकतो, दोन्ही नाही.

येणारे आळशी नसतात. पुष्कळसे ‘पाच आठवडे’वाले असतात. युनिव्हर्सल क्रेडिटला, म्हणजे इथल्या मुख्य सरकारी मदतीला अर्ज केला की पहिले पैसे यायला पाच आठवडे. मधल्या काळात उचल मिळते, पण ते कर्ज, पुढच्या हप्त्यांतून कापतात. सुरुवातच देण्याने.

आणि दोन मुलांची मर्यादा. ६ एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलाचे पैसे नाहीत. २०२५-२६ च्या दराने महिना २९२ पौंड. यात अडकलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त घरांत कुणी ना कुणी कामाला जातं. तिसरं मूल बलात्कारातून झालं असेल तर सूट, पण ते फॉर्म भरून सांगायचं. असा फॉर्म कुणीतरी ऑफिसात बसून तयार केला, हे मला अजून पचत नाही. गेल्या नोव्हेंबरच्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून रद्द केल्याचं जाहीर केलं. त्याने साडेचार लाख मुलं गरिबीबाहेर येतील हा सरकारचाच अंदाज. मग नाना, मर्यादा घातली तेव्हा मुलं आत गेली हे मान्य कराल की नाही?

निवांत_नाना
रविवार, दुपारी ४:४०

ताई, फॉर्मबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, लाज वाटण्यासारखं आहे. पण मर्यादेमागचा प्रश्न खोटा नव्हता. स्वतःच्या पगारावर जगणारं जोडपं तिसरं मूल परवडेल का असा विचार करतं, तर मदत घेणाऱ्याने का करू नये?

लेस्टरची_लेक
रविवार, दुपारी ५:०२

विचार करतातच हो. पण तीन मुलं असताना नवरा गेला, नोकरी गेली, असं होतं. मूल परत पाठवता येत नाही. आणि मर्यादेमुळे जन्म फारसे घटले नाहीत, अभ्यासकांना अगदी किरकोळ फरक दिसला. घटलं ते पोरांच्या ताटातलं.

---

मु_पो_श्टुटगार्ट
रविवार, रात्री ८:५०

आमच्याकडे जर्मनीत सगळं शिस्तीत, अन्यायसुद्धा.

किंडरगेल्ड, म्हणजे मुलामागचा सरकारी भत्ता, सगळ्यांना. मी ब्लू कार्डवर (नोकरीच्या परवान्यावर) आलो, पोरगी पुढच्या वर्षी झाली, अर्ज टाकला, सुरू. या जानेवारीपासून महिना २५९ युरो. कुठल्या तारखेला जमा होणार ते तुमच्या किंडरगेल्ड नंबरच्या शेवटच्या आकड्यावर ठरतं. शून्यवाल्यांचे महिन्याच्या सुरुवातीला, नऊवाल्यांचे शेवटी. आमचा आठ आहे, म्हणून बायको म्हणते, इथेही तुझं नशीब आठव्या रांगेतलं.

वाटतं ना छान, सगळ्यांना सारखं? आता बारकावा बघा. माझा पगार बरा. वर्षअखेरीला टॅक्स ऑफिस स्वतःहून हिशेब लावतं की मुलामागची करसूट फायद्याची की किंडरगेल्ड, आणि करसूट जास्त निघाली तर वरचा फरक मला देतं. म्हणजे माझ्यापेक्षा माझ्या बॉसला मुलामागे जास्त. उलट ज्या घरात ब्युर्गरगेल्ड (गरजूंची सरकारी मदत) चालू आहे, म्हणजे खरीखुरी गरज आहे, तिथे किंडरगेल्ड हे मुलाचं उत्पन्न समजतात आणि मदतीतून तेवढं वजा करतात. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं. माझ्या पोरीचे २५९ बचत खात्यात, खालच्या मजल्यावरच्या पोराचे २५९ कागदावर.

हे सगळं एकत्र करून मुलांसाठी एकच मूलभूत रक्कम द्यायची योजना मागच्या सरकारने २०२३ ला गाजावाजा करून आणली होती. तिघा पक्षांच्या भांडणात ती आणि शेवटी सरकार, दोन्ही बुडाली.

खडीसाखर
रविवार, रात्री ९:१०

‘कागदावरचे २५९’ भारी!

---

घाटावरचा
रविवार, रात्री ९:३३

ते जर्मनी बिर्मनी ऱ्हाऊ द्या. आमच्या मावशीचं लाडक्या बहिणीचं पंधराशे केवायसीपायी अडकल्यात. सर्व्हर डाऊन, अंगठा उमटंना, बाई चार दिस हेलपाटं घालतीया. तुमच्या त्या पाच आठवडेवाल्यांची आन् मावशीची जात एकच.

संपादक
रविवार, रात्री ९:४५

लाडकी बहीण योजनेसाठी स्वतंत्र धागा आहे, कृपया तिथे लिहावे. हा प्रतिसाद ठेवत आहोत, कारण मुद्दा धाग्याला धरून आहे.

---

एदोगावा_काठ
सोमवार, १२ जानेवारी, सकाळी ६:४०

तोक्योहून. ‘काम करा, गरिबी जाईल’ असं ज्यांना वाटतं त्यांनी जपानला एक चक्कर मारावी.

इथल्या एकट्या आयांमध्ये शंभरातल्या ऐंशीहून जास्त कामाला जातात, श्रीमंत देशांत हे प्रमाण वरच्या क्रमांकात. आणि एकच पालक असलेल्या घरांची गरिबी २०२१ च्या आकड्यांत ४४.५ टक्के. मापही साधं, देशाच्या मध्यक उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी. कारण बहुतेकींचं काम अर्धवेळ किंवा कंत्राटी. मूल झाल्यावर कायमची नोकरी सुटते आणि परत तसली मिळत नाही.

मदत आहे, कायद्याने हक्क आहे, राज्यघटनेच्या २५ व्या कलमात ‘निरोगी आणि सुसंस्कृत’ किमान जीवनाचा शब्द दिलाय. पण अर्ज केला की ऑफिस तुमच्या नातेवाइकांना पत्र पाठवतं, तुम्ही यांना पोसू शकता का म्हणून. सातारच्या सासूला किंवा वीस वर्षं न बोललेल्या भावाला असं पत्र गेलं तर, विचार करा. त्या धास्तीनेच कितीतरी जण अर्ज करत नाहीत. अलीकडे नियम थोडे सैल झालेत, धास्ती मात्र गेली नाही.

आमच्या गल्लीत ‘कोदोमो शोकुदो’ आहे, मुलांची खानावळ. पहिली २०१२ ला तोक्योतल्या एका भाजीवालीने सुरू केली, आता देशभरात दहा हजारांवर. आमच्याकडची महिन्यातून दोनदा असते, मी भात धुवायला जाते. पाटीवर मुद्दाम लिहिलंय, ‘कोणीही या’. कारण ‘गरीब मुलांसाठी’ लिहिलं की गरीब मूल येत नाही. म्हणून माझा मुलगाही तिथे बसून करी-राईस खातो, आणि शेजारचं पोर कोण, कुठलं, हे कुणी विचारत नाही.

आकडेमोड
सोमवार, सकाळी ७:५५

पाटीचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे ताई. स्वीडनचे दोन समाजशास्त्रज्ञ, कोर्पी आणि पाल्मे, यांनी १९९८ ला नेमकं हेच मांडलं: फक्त गरिबांसाठी म्हणून आखलेल्या योजनांनी गरिबी कमी हटते, सगळ्यांसाठी असलेल्यांनी जास्त. कारण मध्यमवर्गाला स्वतःचाही वाटा दिसला की तो कर भरायला कुरकुरत नाही आणि बजेट मोठं राहतं. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध इतका पक्का दिसला नाही हेही सांगायला हवं, नाहीतर नाना धरतील.

फ्रान्सचंच घ्या. कर आणि सरकारी पैसा धरायच्या आधी तिथे अमेरिकेपेक्षा जास्त लोक गरीब निघतात. धरल्यावर अमेरिकेच्या जवळपास निम्मे. (यात मेख आहे. तिथल्या म्हाताऱ्यांचं सगळं उत्पन्नच सरकारी पेन्शन, म्हणून ‘आधी’ ते शून्यावर दिसतात. तेवढं वजा करून वाचा.)

निवांत_नाना
सोमवार, सकाळी ९:३०

धरणार नाही, कंस वाचून समाधान झालं.

घरची एक गोष्ट सांगतो. माझी मोठी बहीण १९७२ ला नर्स म्हणून अमेरिकेला गेली. आता फ्लोरिडात असते, वय ८१. फोनवर तिची तक्रार, हे लोक सरकारकडून फुकट खातात. मी म्हटलं, अक्का, तुझी ती सोशल सिक्युरिटीची सरकारी पेन्शन? तर म्हणे, ते माझे स्वतःचे पैसे आहेत, मी भरलेत. तसं पाहिलं तर आजच्या कामगारांच्या पगारातून कापलेले पैसेच तिला जातात. तिने भरलेले केव्हाच तिच्या आधीच्यांनी खाल्ले.

आकडेमोड
सोमवार, सकाळी ९:५२

नाना, तुम्ही तर आमच्या बाजूने गोल केलात. १९५९ ला अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरच्या लोकांत ३५ टक्के गरीब होते, आज अधिकृत मापाने दहाच्या आसपास. सोशल सिक्युरिटी वाढवत नेलं म्हणून. आणि ती घागर साठ वर्षं भरलेली आहे, कारण कुणी ओतणं थांबवलेलं नाही. म्हातारे मत देतात, तीन वर्षांची पोरं देत नाहीत.

निवांत_नाना
सोमवार, सकाळी १०:२०

घागर माझीच, तीच माझ्या डोक्यावर फोडलीत. बरं. मान्य. पण ते बाळांचं संशोधन मी सोडणार नाही. पैशाने पोट भरतं, शाळा आपोआप सुधारत नाही.

टपरीवरचा_चहा
सोमवार, सायंकाळी ६:१५

नाना, ते तुमच्याकडेच राहू द्या, तो मुद्दा मला पटलाय. मी मुलं हुशार होतील म्हटलंच नव्हतं. टायर बदलले एवढंच म्हटलं होतं.

---

डाइकवरून
सोमवार, रात्री ११:०५

नेदरलँड्सचं कुणी लिहिलं नाही म्हणून. इथे पाळणाघराच्या खर्चाला सरकार पैसे देतं. फसवणूक होतेय असा ओरडा झाला आणि करखात्याने चाळणी लावली. एखादी सही राहिली, थोडी रक्कम भरायची राहिली की पूर्ण वर्षाचे, कधी अनेक वर्षांचे पैसे परत मागितले. दहा-दहा हजार युरोंच्या घरात. दुहेरी नागरिकत्व हे संशयाचं एक कारण धरलं होतं. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, घरं गेली, संसार मोडले, हजाराहून जास्त मुलं आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवली गेली. १५ जानेवारी २०२१ ला तेव्हाचे पंतप्रधान रुटं यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. नंतर निवडणुकीत तेच परत आले हा वेगळा विनोद.

गरिबी हटवायची योजनाच माणसाला गरीब करू शकते, एवढं या यादीत जोडा.

लेस्टरची_लेक
सोमवार, रात्री ११:३०

वाचून झोप उडाली. आमच्याकडे गेल्या हिवाळ्यात एक मराठी मुलगा आला होता, मास्टर्स करणारा. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ असतं, म्हणजे कर भरा पण सरकारी मदत मागू नका. फूड बँक सरकारी नाही, त्यामुळे तिथे यायला हरकत नसते, पण त्याला कोण सांगणार? व्हाउचर हातात घेऊन तो दारात दहा मिनिटं उभा होता. मी मराठीत बोलल्यावर पहिला प्रश्न, ‘ताई, हे घेतलं तर व्हिसाला काही होईल का?’ दुसरा प्रश्न, ‘घरी कळणार नाही ना?’ त्याला किटली पार्सल दिलं आणि माझ्या डब्यातली चटणी. तो परत आला नाही. बरं चाललं असेल असं मी समजते.

---

नवी_मेंबर_२
मंगळवार, १३ जानेवारी, सकाळी ८:१०

पहिल्यांदाच लिहितेय. चहावाल्या दादांसारखंच आमचंही, मोठी मुलगी एच-४ वर. तिच्यासाठी काहीच मिळत नाही असं समजून २०२१ च्या रिटर्नमध्ये आम्ही तिचं नावच टाकलं नव्हतं. मैत्रीण म्हणते ५०० डॉलर मिळतात. आता मागता येतील का?

आकडेमोड
मंगळवार, सकाळी ८:४५

मैत्रिणीचं बरोबर आहे. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी आयटीआयएन (नुसत्या करापुरता नंबर) काढला तर अशा मुलामागे ५०० डॉलरपर्यंत करात सूट मिळते. पण आयटीआयएन त्या रिटर्नच्या मुदतीच्या आत काढलेला हवा. तो होता का?

नवी_मेंबर_२
मंगळवार, सकाळी ८:५८

होता. आधीच्या वर्षी काढला होता, मग वापरलाच नाही.

आकडेमोड
मंगळवार, सकाळी ९:०४

अरेरे. २०२१ च्या रिटर्नची मुदत १८ एप्रिल २०२२. तिथून तीन वर्षांत दुरुस्ती टाकायची असते. गेल्या एप्रिलमध्ये संपली. २०२२ चं रिटर्न बघा, त्याला अजून तीन महिने आहेत. व्यनि करा, फॉर्म सांगतो.

टपरीवरचा_चहा
मंगळवार, सकाळी ९:२०

थांबा, मीही माझं काढून बघतो.